उत्तरेकडची खोली

पाचव्या मजल्यावरच्या आप्पांना सगळी इमारत ड्रायव्हरसाहेब म्हणायची. चौतीस वर्षं त्यांनी शहराची बस चालवली होती. जुन्या डेपोच्या फाटकातून बस काढताना दोन्ही अंगांना जेमतेम चार-चार बोटं जागा उरे. नव्या ड्रायव्हरांना तिथे घाम फुटायचा. आप्पा कंडक्टरशी गप्पा मारत बाहेर काढायचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी नजर तशीच होती. कुणाचं कपाट जिन्यातून वर जाईल की नाही, हे सांगायला शेजारी त्यांनाच बोलावत. ते एकदा जिन्याकडे बघत, एकदा कपाटाकडे, आणि म्हणत, "जाईल. तिरकं धरा." आणि ते जायचं.

घर सरकारी वसाहतीतलं, आप्पांच्या एकट्याच्या नावावर. बायको गेल्यावर ते काही वर्षं तिथे एकटेच होते. मग मुलाची कंपनीची खोली सुटली आणि तो बायको आणि दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आला. मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, सून इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. "काही महिने" म्हणून आलेले ते सात वर्षं राहिले. भाडेपत्रावर त्यांची नावं चढवायची राहून गेली ती गेलीच.

मुलीला घरात बबडी म्हणत. तिला लहानपणापासून दमा. त्यामुळे ते तिघं पुढच्या खोलीत झोपत आणि आप्पा मागच्या, उत्तरेकडच्या. ही वाटणी कुणी केली नव्हती. घरातल्या पुष्कळ वाटण्या होतात तशी ती होऊन बसली होती. उत्तरेकडच्या खोलीला दुपारीसुद्धा ऊन दिसत नसे. हिवाळ्यात खिडकीच्या आतल्या बाजूनं पाणी ओघळायचं. खाटेच्या डोक्याकडच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरायची. आप्पा ती दर आठवड्याला पुसून काढायचे आणि ती दर आठवड्याला परत यायची. झोपताना ते टोपी घालत, पायात दोन मोजे चढवत, अंगावर दोन रजया घेत. तक्रार त्यांनी कधी केली नाही. बसच्या केबिनमध्ये याहून जास्त वारा लागायचा, म्हणत.

मग एका शरदात वसाहत कार्यालयानं नोटीस लावली. इमारतीच्या भिंती आतून ऊब धरणाऱ्या बोर्डांनी मढवणार, खिडक्या बदलणार, फटी बुजवणार. घर गरम ठेवायला लागणारी वीज निम्म्यावर येईल, असं त्यात लिहिलं होतं. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणाल्या, "भिंतींना स्वेटर घालणार म्हणे. माझा सदतीस वर्षांचा स्वेटर उसवलाय, तो बघायला कुणी आलं नाही."

पाहणीला एक बाई आली. तिच्या हातात भिंतीची उष्णता दाखवणारा कॅमेरा होता. मागच्या खोलीत तिनं तो फिरवला आणि पडद्यावर सगळी भिंत निळीजांभळी दिसली. मधोमध एक पिवळा आकार खाटेवर बसला होता. ते आप्पा होते.

"इथे कोण झोपतं?" तिनं विचारलं.

"मी."

"किती वर्षं?"

"ही लोकं आल्यापासून," आप्पा हसत म्हणाले. मुलगा दाराशी उभा होता, तो हसला नाही.

बाईनं कागद चाळला. "भाडेपत्रावर एकच नाव आहे."

"चढवायचंय," मुलगा म्हणाला. "राहून गेलं."

"चढवून घ्या," ती म्हणाली आणि पुढच्या घरात गेली.

काम सुरू झालं तेव्हा एकेका रांगेतल्या लोकांना दहा दिवस तळमजल्यावरच्या रिकाम्या घरांत हलवलं. आप्पांची पाळी तिसऱ्या आठवड्यात आली. बोर्ड बसवणाऱ्या कारागिराला सगळे पट्टीवाला म्हणत, कारण मापाची पट्टी त्याच्या कमरेवरून कधी उतरत नसे. आप्पा रोज सकाळी पाच मजले चढून काम बघायला जायचे. पण त्या शेवटच्या आठवड्यात गुडघ्यानं असहकार पुकारला आणि ते खालीच बसून राहिले. वर जाऊन लक्ष ठेवायचं काम मुलानं अंगावर घेतलं.

परत गेले त्या दिवशी खोली ओळखू येईना. भिंत पांढरी, कोरडी. खिडकी लावली की रस्त्याचा आवाज बंद. पट्टीवाल्यानं मुख्य दाराला लाल कापडाचा पडदा ताणून त्यात मोठा पंखा बसवला आणि घरातली हवा ओढून कुठे फट राहिली आहे का ते तपासलं. उदबत्तीसारखी धुराची कांडी तो खिडकीच्या कडेनं फिरवत होता. धूर सरळ वर गेला. बबडीनं टाळ्या वाजवल्या.

आप्पा मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले, आणि खाट आत यायच्या आधीच म्हणाले, "बसणार नाही."

"काय?" मुलानं विचारलं.

"खाट. एक इंच कमी पडतोय."

मुलानं आणि शेजाऱ्यानं तरी खाट आणली. लोखंडी खाट, सहा फूट एक इंच. खोली पूर्वी सहा फूट चार इंच रुंद होती. आता बाहेरची भिंत चार इंच आत आली होती. आडवी बसली नाही. उभी लावावी तर दार उघडेना. दुसऱ्या बाजूला नवा हीटर.

"सरकारी काम, आप्पा," मुलगा म्हणाला. "आपण काय करणार? भिंत तर हलवता येत नाही."

"मी गादी खाली टाकतो."

"तुमचा गुडघा? उठणार कसे?"

हे खरं होतं. खाट जिन्याखाली गेली. आप्पांसाठी स्वयंपाकघराच्या बोळात फ्रिजशेजारी घडीची खाट आली. काही दिवसांपुरती, असं मुलगा म्हणाला. चौथ्या दिवशी मागच्या खोलीत बबडीसाठी नवा छोटा पलंग आला. तो बरोबर बसला.

फ्रिज दर वीस मिनिटांनी हुंकार देऊन सुरू व्हायचा, आणि पहाटे सून पाणी घ्यायला आली की आप्पांच्या पायांना वळसा घालून जायची. पण त्यांनी एक गोष्ट पाहिली. बबडी त्या खोलीत झोपायला लागली तसा तिचा खोकला बसला. श्वासाचा पंप पूर्वी दिवसातून चार वेळा लागायचा. तो दोन आठवडे कपाटात तसाच पडून होता. एका सकाळी ती जिना धावत चढली आणि वर येऊन नुसती हसत उभी राहिली. आप्पांना बरं वाटलं. आपली खोली कामी आली, असं ते नर्सबाईंना सांगायला खाली गेले.

नर्सबाईंचं घर बरोबर त्यांच्या खाली. खोल्या त्याच, मापं तीच. त्यांनी आप्पांना आपली मढवलेली मागची खोली दाखवायला नेलं. तिथे खिडकीखाली आडवी लोखंडी खाट होती. आप्पांच्या आणि नर्सबाईंच्या खाटा एकाच दुकानातून, एकाच हातगाडीवरून आल्या होत्या, दोघांचे जोडीदार हयात असताना.

आप्पा खाटेच्या पायथ्याशी गेले. भिंत आणि लोखंड यांच्यामध्ये त्यांनी अंगठा घातला. तो गेला.

"ही कशी बसली?"

"का? बसायला काय झालं?"

"माझी बसत नाही."

"अहो, मला विचारलं ना त्यांनी. जाड लावू की पातळ? छोट्या खोलीला दोन इंची चालतं म्हणाले. ऊब जरा कमी, पण जागा राहते. मी म्हटलं, पातळ लावा बाबांनो, ऊब काय करू खाट नसेल तर?" नर्सबाई बोलता बोलता थांबल्या. "तुम्हाला नाही विचारलं?"

"मी खाली होतो."

"मुलगा होता की."

"हो," आप्पा म्हणाले. "तो होता."

पट्टीवाला तेव्हा शेजारच्या जिन्यातलं काम करत होता. आप्पांनी त्याला जेवणाच्या सुट्टीत गाठलं.

"पाचवा मजला, उत्तरेची खोली. जाड बोर्ड कुणी सांगितला?"

पट्टीवाला डबा बंद करून उठून उभा राहिला. "साहेब, सही तुमच्या मुलाची आहे."

"सहीचं विचारत नाही. काय म्हणाला?"

"मुलीला दमा आहे, जास्तीत जास्त ऊब हवी म्हणाले."

"आणखी?"

त्यानं डब्याचं झाकण पुन्हा दाबलं.

"अरे, मी तुला काही करणार नाहीये. माझी काय ताकद आहे?"

"मी त्यांना म्हटलं होतं, साहेब. आत खाट आहे सहा-एकची, ती अडेल. मी माप घेऊनच सांगितलं." पट्टीवाल्यानं मान खाली घातली. "ते म्हणाले, अडू दे."

आप्पांनी मान हलवली. "काम चांगलं केलंस," म्हणाले आणि निघाले.

त्या दिवशी ते घरी लवकर गेले नाहीत. बागेतल्या बाकावर बसून राहिले. त्यांना राग खोलीचा नव्हता. रोज सकाळी मुलगा बोळातून जाताना विचारायचा, "झोप लागली का, आप्पा?" आणि आपण म्हणायचो, "लागली रे." ते त्यांना सारखं आठवत राहिलं.

पुढच्या सोमवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून वसाहत कार्यालयात गेले. मोठं घर सोडून देणाऱ्या वयस्कर भाडेकरूंना एका माणसाची नवी मढवलेली खोली लगेच मिळत होती. त्याची नोटीस खालीच लावलेली होती. कारकून बाईनं अर्ज पुढे केला.

"घरात आणखी कोण राहतं?"

"भाडेपत्रावर मी एकटाच आहे."

"ते दिसतंय. राहतं कोण?"

आप्पांनी चष्मा काढून पुसला. मागच्या खोलीतला छोटा पलंग आणि जिना चढून आलेली मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. त्यांना ते नंतर कधी नाकारता आलं नाही. आपल्या एका ओळीनं तिचं घर जाईल, हे त्यांना माहीत होतं.

"मुलगा अधूनमधून येतो," ते म्हणाले. "त्याची स्वतःची सोय आहे."

"तसं लिहून द्या. खाली सही."

त्यांनी लिहून दिलं. अक्षर बसच्या लॉगबुकात असायचं तसंच, सुवाच्य.

"पंधरा दिवसांत मागे घेता येईल," बाई म्हणाली. "नंतर नाही. वाट बघणाऱ्यांची यादी मोठी आहे."

नोटीस घरी आली तेव्हा सगळे जेवायला बसले होते. मुलानं ती दोनदा वाचली.

"आप्पा, हे काय आहे?"

"मला खोली हवी होती. मिळाली."

"आणि आम्ही?"

"तुझी स्वतःची सोय आहे, असं मी लिहून दिलंय."

सून ताट तसंच ठेवून बबडीला मागच्या खोलीत घेऊन गेली, दार लावलं आणि परत आली. "काय झालंय ते मला कुणी सांगेल का?"

आप्पांनी सांगितलं. जाड बोर्ड, पातळ बोर्ड, नर्सबाईंची खाट, आणि "अडू दे." आवाज न चढवता, बसथांबे सांगावेत तसं. सून नवऱ्याकडे वळली.

"तू मला म्हणालास, दुसरा उपायच नव्हता."

"बबडीसाठी केलं," मुलगा म्हणाला. "तिची छाती तुम्हाला दोघांना ऐकू येत नव्हती का? मी काय चूक केलं?"

"मला म्हणायचं होतंस," आप्पा म्हणाले. "तिच्यासाठी खोली द्या म्हणाला असतास तर मी बोळात काय, जिन्यात झोपलो असतो."

"नसती दिलीत." मुलाचा चेहरा लाल झाला होता. "तुम्ही जन्मात कुणाला वाट दिलीय का, आप्पा? आई म्हणायची, हा माणूस घरातसुद्धा हॉर्न वाजवत चालतो. सात वर्षं आम्ही तुमच्या घरात अंग चोरून राहिलो. प्रत्येक जेवणाला तुम्ही आठवण करून दिलीत, ही लोकं आली तेव्हापासून, ही लोकं आली तेव्हापासून. मागितली असती तर तुम्ही खोली दिली असती, पण ती दिल्याचं आम्हाला मरेपर्यंत ऐकवलं असतं."

आप्पांनी ताटातलं संपवलं, कारण टाकायची सवय नव्हती.

पंधरा दिवस होते. मुलगा दोनदा कार्यालयात जाऊन आला. तिथे त्याला आप्पांचं लेखी निवेदन दाखवलं आणि सांगितलं की तुमचं म्हणणं मांडा, चौकशी होईल, पण तोवर घर दुसऱ्याला देणं थांबणार नाही; भाडेकरूनं स्वतः अर्ज मागे घेतला तरच थांबेल. सून आप्पांना काही म्हणाली नाही. ती त्यांना जेवण वाढत होती, औषधं देत होती, आणि त्यांच्याकडे बघत नव्हती.

आप्पा रोज सकाळी ठरवायचे की आज जाऊन अर्ज फाडून यावं. रोज त्यांना वाटायचं, मुलानं एकदा म्हणावं, फक्त एकदा. तो म्हणत नव्हता. दहावा दिवस गेला, बारावा गेला. पंधराव्या दिवशी दुपारी मुलगा कामावरून लवकर आला. कार्यालय पाचला बंद व्हायचं. साडेतीन वाजले होते. तो घडीच्या खाटेसमोर उकिडवा बसला.

"आप्पा, चुकलो मी. माफ करा."

शब्द सरळ होते, पण आवाजात काही नव्हतं. लिफ्ट अडकली की आतल्या लोकांना सांगतात तसा आवाज: घाबरू नका, काढतो. आप्पांनी घड्याळाकडे पाहिलं. कार्यालय चालत पंचवीस मिनिटांवर होतं, बसनं सात.

"उद्या बघू," ते म्हणाले.

"उद्या उपयोग नाही."

"मग आज गुडघा दुखतोय."

मुलगा उठला, आणि त्यानंतर त्या घरात तो बापाशी एक शब्द बोलला नाही.

आप्पांना वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर दक्षिणेकडची खोली मिळाली. उबदार, कोरडी, त्यांची लोखंडी खाट मावून उरेल एवढी. पाचव्या मजल्यावरच्या घरात चार माणसांचं एक कुटुंब आलं. मुलाला तेवढ्या दिवसांत नदीपलीकडच्या जुन्या इमारतीत तळमजल्याचं घर मिळालं. तिथे कुणी भिंती मढवल्या नव्हत्या. मढवणारही नव्हतं, घरमालक खासगी होता.

थंडी पडली तशी बबडी आजारी पडली. ही बातमी आप्पांना नर्सबाईंनी दिली. इस्पितळात पाच दिवस, मग घर, मग परत इस्पितळ. आप्पा दुसऱ्याच दिवशी कार्यालयात गेले. आपली खोली मुलाला द्या म्हणाले. ती एका ज्येष्ठ माणसासाठीच आहे, असं त्याच कारकून बाईनं सांगितलं. मग जुनं घर? तिथे आता लोक राहतात. मग मी खोटं लिहून दिलं होतं, असं लिहून देतो. बाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"द्या," ती म्हणाली. "मुलाचं नाव यादीत घालू. तीन-चार वर्षांत लागेल."

त्यांनी तेही लिहून दिलं.

एका रविवारी ते नदीपलीकडे गेले. सुनेनं दार उघडलं. मुलगा कामावर होता. तिनं त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली. भिंत ओली होती आणि वास त्यांच्या ओळखीचा होता. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. तिथून वाफेच्या औषधाच्या यंत्राची घरघर येत होती, आणि मधूनमधून श्वास ओढल्याचा आवाज, करवतीसारखा.

"मी जरा तिला..." आप्पा उठायला लागले.

"बसा," सून म्हणाली. "आत जायचं नाही. मी तुम्हाला काही बोलणार नाही. तुम्ही फक्त बसून ऐका."

ते बसले. पंधरा मिनिटं यंत्र चाललं. सून समोर उभी राहून कपड्यांच्या घड्या करत होती. यंत्र थांबल्यावर श्वास जास्त स्पष्ट ऐकू येऊ लागला, आणि मग बारीक आवाजात बबडीनं विचारलं, "आई, कोण आलंय?"

"कुणी नाही," सून म्हणाली. "मीटरवाले."

आप्पांनी खुर्ची आवाज न करता मागे सरकवली. सून दारापर्यंत सोडायला आली.

"दिवसातून किती वेळा?" त्यांनी विचारलं.

"तीनदा. रविवारी मी घरी असते. अकराला या, तेव्हा चालू असतं. हे तेव्हा बाहेर असतात." तिनं दाराची कडी धरली होती. "बोलायचं मात्र नाही. तिला तुमची सवय होती, आवाज लगेच ओळखेल."

तेव्हापासून हिवाळा संपेपर्यंत ते दर रविवारी अकराला गेले. गुडघा दुखत असला तरी गेले. खुर्चीवर बसायचे, यंत्र थांबेपर्यंत ऐकायचे आणि परत यायचे. एकदा नर्सबाईंनी विचारलं, "नात कशी आहे?"

"बरी आहे," आप्पा म्हणाले. "परवा माझ्याशी पुष्कळ बोलली."